‘क’पासून सुरू होणाऱ्या भाज्या: दादांना घेऊन नांदेड ते लातूर

नांदेडहून लातूरला जायला लोहा-अहमदपूरचा सरळ रस्ता आहे. मध्ये चहा घेतला तरी साडेतीन तासांत पोचता. आम्ही तो सोडून नायगाव, देगलूर, उदगीर, देवणी असा वळसा घेतला आणि दोन दिवस लावले. तेही ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यात. असा वळसा का घेतला, ते आधी सांगते.

माझे वडील, म्हणजे आमचे दादा, शेती खात्यात नोकरीला होते. बहात्तरच्या दुष्काळानंतर लागले ते निवृत्त होईपर्यंत खेडोपाडी फिरून बियाणं, खत, कीड समजावून सांगत राहिले. तेव्हा सत्तरीला आले होते. त्या वर्षी ते दोनदा स्वतःच्या घराची गल्ली चुकले, म्हणून मी त्यांना नांदेडच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बरंच काही विचारलं आणि शेवटी म्हणाले, “काका, एका मिनिटात ‘क’पासून सुरू होणाऱ्या भाज्या सांगा.”

मला हायसं वाटलं. भाज्यांचं दादांना विचारायचं म्हणजे सुताराला रंधा कशाला म्हणतात ते विचारण्यासारखं.

“कांदा,” दादा म्हणाले. “काकडी.” मग थांबले. टेबलावरच्या काचेकडे बघत राहिले. डॉक्टर वाट बघत होते. बऱ्याच वेळानं दादा पुन्हा म्हणाले, “कांदा.”

मी मनातल्या मनात कारलं, कोबी, कोथिंबीर म्हणत होते, जसं काही ते त्यांना ऐकू जाणार होतं.

डॉक्टरांनी लातूरच्या एका मेंदूतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली. आठ दिवसांनंतरची वेळ मिळाली. घरी आल्यावर मी ठरवलं की दादांना त्यांच्या जुन्या बदल्यांच्या गावांवरून न्यायचं. बाजार दाखवायचे. भाजी डोळ्यांना दिसली की नाव जिभेवर येईल, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर मी त्यांची परीक्षेची तयारी करून घेणार होते. आईचे गुडघे प्रवासाला साथ देत नाहीत. तिनं भाकऱ्या बांधून दिल्या आणि म्हणाली, “त्यांचा हात सोडू नको.”

सकाळी सहाला निघालो. गाडी मी चालवते, तेव्हा शिकून दोनच वर्षं झाली होती. डिकीत पाण्याचे दोन मोठे कॅन होते. दुष्काळात या भागात जाणार असाल तर पाणी घरून भरून न्या. वाटेत विकत मिळतं, पण टँकरची वाट बघणाऱ्या घागरींच्या रांगेसमोर बाटली विकत घ्यायला जीव धजत नाही.

नायगावपर्यंत रस्ता चांगला आहे. तिथं चहा घेतला. चहावाल्यानं ग्लास रिकामे होताच उचलले आणि ओल्या फडक्यानं पुसले, धुतले नाहीत. दादा खुशीत होते. बिलोलीला त्यांची पहिली नोकरी होती, तिकडं जाणारा फाटा त्यांनी मला न विचारता दाखवला. “इथनं सायकलनं जायचो,” म्हणाले. मला वाटलं, आपला बेत बरोबर आहे.

देगलूरला भाजीबाजारात उतरलो. बाजार कसला, आठ-दहा पाट्या. कांदे, वाळक्या मिरच्या, कैऱ्या आणि सुकत चाललेली काकडी. मी कैरी उचलून विचारलं, “दादा, हे काय?”

“कैरी.”

“आणि ते?”

“काकडी. का गं, तुला माहीत नाही?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळले. पण गाडीत बसल्यावर पुन्हा विचारलं तर कैरी नाहीशी झाली होती. काकडीही. नुसता “कांदा” राहिला.

देगलूर ते उदगीर रस्ता जागोजागी खणलेला होता. काचा लावल्या तर उकडतं, उघडल्या तर धूळ. हे अंतर ऊन चढायच्या आत कापा. आम्ही उदगीरला पोचलो तेव्हा एक वाजला होता. लॉजवाल्यानं खोली देताना बजावलं, “एक बादली भेटंल ताई. अंगूळ करा नाय तर कपडे धुवा.” खोली स्वच्छ होती. खाली पिठलं, भाकरी, ठेचा उत्तम मिळाला. भाजी नव्हती.

संध्याकाळी किल्ल्यापर्यंत चालून आलो. परतताना चहाला थांबलो, त्या हॉटेलात बाकावरचे दोघं उदगीर जिल्हा होणार की नाही यावर वाद घालत होते.

“झाला म्हना आता. कलेक्टर इथंच बसनार.”

दादांनी मान वळवली. “झालाच की,” ते शांतपणे म्हणाले. “आता मीटिंगला उस्मानाबादला जायची गरज नाही. लातूरला जायचं.”

ते दोघं हसले. मीही हसले. मग दादांनी मला हळूच विचारलं, “नव्या जिल्ह्याचं ऑफिस कुठं काढलंय? मला रिपोर्ट द्यायचाय.” लातूर उस्मानाबादपासून वेगळा झाला तेव्हा मी तान्ही होते. दादा देवणीला होते, एकटे. ते आता तिथं होते आणि मी त्यांच्या शेजारी बसून चहा पीत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची वेळ चारची होती. उदगीरहून देवणी पाऊण तास. आठवडी बाजाराचा दिवस होता. देवणीची काळी-पांढरी जनावरं पाहायला लोक लांबून येतात, पण त्या दिवशी बाजारात थोडीच होती आणि त्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या. भाजीच्या बाजूला शेवंताबाई नावाच्या बाईकडे मला चक्क कोथिंबीर दिसली. बोअरच्या पाण्यावर हातभर वाफ्यात काढलेली, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली. मी जुडी उचलली आणि दादांना दाखवायला वळले.

दादा नव्हते.

मी त्यांचा हात कधी सोडला, ते मला आजही आठवत नाही. आधी मी जनावरांच्या बाजारात पळाले, मग एसटी स्टँडवर. त्यांचा फोन माझ्याच पर्समध्ये वाजला. परत आले तोवर शेवंताबाईनं आपली पाटी शेजारणीकडे सोपवली होती. “चला बाई, मी येते. तुमाला इथल्या वाटा ठावं न्हाईत.”

तासभर आम्ही गाडीनं फिरलो. ऊन असं होतं की स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता. वाटेत एका टँकरच्या ड्रायव्हरनं सांगितलं, पांढऱ्या शर्टाचे एक म्हातारे वस्तीच्या वाटेनं चालले होते. “हाक मारली मी. थांबले न्हाईत.”

त्या वाटेवर दोन विहिरी लागल्या. दोन्हींना कठडा नव्हता. शेवंताबाई म्हणाली, “तुमी बसा गाडीत, मी बगते.” मी बसले नाही. पहिल्या विहिरीत वाकून पाहिलं तेव्हा तळाशी पांढरं काहीतरी होतं. मी आणखी वाकले. शेवंताबाईनं मला मागून दंडाला धरलं. “पोतं हाय बाई. बगा नीट. खताचं पोतं हाय.” मी बघितलं. पोतंच होतं. दुसऱ्या विहिरीत मी बघू शकले नाही, तिनंच बघितलं.

वस्तीवर एकच मोठं घर होतं. समोर ओसरी, ओसरीला सावली. आणि दादा ओसरीखाली, भर उन्हात उकिडवे बसले होते. जिवंत. मी धावत गेले, पण त्यांनी मला ओळखल्यासारखं केलं नाही.

त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास घेऊन घरधनीण उभी होती. पन्नाशी ओलांडलेली बाई. “तुमचे कोन हायत?” तिनं विचारलं. “अर्धा तास झाला, मी पानी द्यायलेय. ग्लास घेईनात. वर बसा म्हटलं, बसनात. नुसते हात फुडं करून राहिलेत.”

दादांनी दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाजवळ धरली होती. मान खाली. ओठ कोरडे पडले होते. मी ग्लास घेऊन त्यांच्या हातात द्यायला गेले तर ते मागं सरकले.

मला कळलं नाही. शेवंताबाईला आधी कळलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि दुसरीकडे बघू लागली.

मग घरधनिणीचा चेहरा बदलला. “हे शेतीचे साहेब काय?” ती म्हणाली. “आमच्या सासऱ्याच्या वक्ताला यायचे?” मी होकाराची मान हलवली. ती तिथंच पायरीवर बसली. “मी नवी नवरी होते. सासरे खाटंवर बसून समदं इचारून घ्यायचे त्यांना. साहेब खाली उभे. आन् पानी...” तिनं माझ्या हातातल्या ग्लासकडे बघितलं. “वरून वतायचं. मीच वतायची.”

आम्ही बौद्ध आहोत. दादांनी आम्हाला बिलोलीच्या, नायगावच्या, कुठल्या कुठल्या गावच्या गोष्टी सांगितल्या, पण ही कधीच नाही. देवणीबद्दल ते एवढंच म्हणायचे की तिथली जनावरं देखणी.

“तुमीच द्या, बाई,” ती म्हणाली. “माज्या हातनं आता नगं.”

ग्लास ते घेणार नव्हते. मी त्यांच्यासमोर मातीत बसले. त्यांच्या ओंजळीखाली माझा एक हात धरला आणि दुसऱ्या हातानं, जमेल तेवढं जवळून, पाणी ओतलं. ते प्यायले. मध्येच थांबून घाबऱ्या आवाजात म्हणाले, “लांबून वत, बाई. शिंतोडे उडतील. म्हातारा वरडंल.”

ऑफिसात, घरात, आमच्याशी दादा पुस्तकातलं मराठी बोलत आले. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मोठ्या माणसाचा आवाज इतका लहान होऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं. विहिरीपाशी वाटली त्याहून जास्त भीती मला त्या क्षणी वाटली.

शेवंताबाईला बाजारात सोडलं. तिनं कोथिंबिरीचे पैसे घेतले, बाकी काही घेतलं नाही. लातूरच्या रस्त्याला लागल्यावर दादा आपणहून बोलू लागले. “ह्यांना मी परसात भाजी लावा म्हणून सांगितलं होतं. कारली, काशीफळ. कोथिंबीर. कोहळा वेलावर सोडा म्हटलं. करडईची कोवळी पानं खुडा.” सगळ्या ‘क’च्या. दोन दिवस मी ज्यांच्यासाठी त्यांच्या मागं लागले होते, ती नावं एका दमात येत होती, आणि मला गाडी बाजूला घ्यावीशी वाटत होती.

लातूरच्या दवाखान्यात पिण्याच्या पाण्याच्या टाकीला कुलूप होतं. डॉक्टर मवाळ होते, वेळ देऊन बोलले. “आपण आता कोणत्या जिल्ह्यात आहोत, काका?”

“उस्मानाबाद,” दादा म्हणाले. मग माझ्याकडे बघून दुरुस्ती केली, “नवा झाला ना आता. लातूर.”

डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं. “छान. आता ‘भ’पासून सुरू होणाऱ्या भाज्या सांगा.”

‘भ’ आम्ही केलाच नव्हता. दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

“भेंडी,” ते म्हणाले. बराच वेळ गेला. “भाकरी.”

नांदेडच्या डॉक्टरांना शंका होती तोच, हळूहळू विसरत जाण्याचा आजार निघाला. गोळ्या सुरू झाल्या. त्या आजार थांबवत नाहीत, त्याची चाल हळू करतात, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मी विचारलं, “ते जुन्या काळात जातात, तेव्हा त्यांना परत कसं आणायचं?” ते म्हणाले, “ओढून आणू नका. सोबत राहा.”

परतीला आम्ही सरळ रस्ता घेतला आणि जेवायच्या वेळेला घरी पोचलो. आईला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “देवणीहून बदली त्यांनी स्वतः अर्ज करून मागून घेतली होती. वरच्या साहेबांनी कारण विचारलं तर हवा मानवत नाही, असं लिहिलं. मीही तेच खरं मानलं.”

अशा माणसाला घेऊन प्रवासाला निघणाऱ्यांनी त्यांच्या खिशात नाव, पत्ता, आपला नंबर लिहिलेला कागद ठेवा. फोन त्यांच्याकडे द्या. बाजाराच्या दिवशी गर्दीत जाऊ नका. जुनी गावं दाखवायला नेणार असाल तर तिथं त्यांचं काय काय झालं होतं, ते घरच्या कुणाला माहीत आहे का, हे आधी विचारा. मी विचारलं नव्हतं.

दादा अजूनही कधीकधी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहतात. “कुठं निघालात, दादा?” मी विचारते. पूर्वी त्यांना उत्तर सुचणार नाही याची धास्ती असायची. आता ते कुठलं गाव सांगतील याची वाटते. ते गाव सांगतात, मी त्याबद्दल काही ऐकलेलं नसतं. मी गॅस बंद करते, चपला पायात घालते आणि त्यांच्याबरोबर निघते.