सोलापुरात न घेतलेला शिवदारा

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, आईला नाही, मठात स्वामींसमोर बसूनही सांगितलेलं नाही. आमच्या शेजारच्या अक्कानं मरेपर्यंत जे लिंग पुजलं ते तिचं नव्हतं. माझं होतं.

आमच्यातली रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांना आधी सांगायला हवं. आम्ही बसवेश्वरांना मानणारी माणसं. आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात ज्याचं त्याचं लिंग असतं. सुपारीहून थोडं मोठं, काळं, कापडात बांधलेलं, आणि ते ज्या दोऱ्यानं छातीवर लोंबतं त्याला शिवदारा म्हणतात. सकाळी अंघोळ करून लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा, आणि मगच तोंडात पाणी घालायचं. माझ्या वयाच्या पुष्कळांनी हे सोडलं. मीही सोडलं होतं. कॉलेजात असताना काढलं ते काढलंच. आईच्या हट्टामुळे माझं लिंग गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून असायचं, गाडीला राखण म्हणून.

अक्काचं तसं नव्हतं. तिला काहीही विचारा, भाजी महाग झाली का, लेकीचा फोन आला का, आधी तिचा डावा हात छातीवर जाणार, पदराखालची ती गाठ चाचपणार, मग उत्तर. विधवा बाई, आमच्या चिटगुप्पा गावात एकटीच राहायची. कुणी म्हणालं, अक्का, एवढ्या घरात भीती वाटत नाही का, की म्हणायची, "माजा धनी गळ्यात हाय. मला कुणाची भीती?" आणि वर डोळे मिचकावून, "पयला गळ्यात पडला व्हता. ह्यो गळ्यात हाय. लई फरक असतो बाई."

माझं शेतीच्या औषधांचं दुकान आहे. एका वर्षी माल चांगला खपला म्हणून कंपनीनं काही दुकानदारांना उन्हाळ्यात कुटुंबासह महाबळेश्वरला नेलं. मोठं हॉटेल, दरीकडे तोंड करून असलेल्या खोल्या, पोहायचा तलाव, बाग. आईचं नाव यादीत होतं पण तिचे गुडघे धरले होते. तीच म्हणाली, माझ्या जागी अक्काला ने, तिनं डोंगर बघितला नाही. मी लगेच हो म्हणालो. प्रेमानं म्हणालो असं लिहायला आवडलं असतं. खरं म्हणजे पोरांकडे बघायला कुणीतरी हवं होतं.

सोलापुरात चहाला थांबलो तेव्हा अक्का मला म्हणाली, "अप्पा, माजा शिवदारा झिजलाय. हितं मिळतोय. दोन मिनिटं थांब." सोलापूर आमच्या लोकांचं गाव, तिथं तो कुठल्याही पूजेच्या दुकानात मिळतो. पुढे घाटात कोण विकतंय? पण मला उजेडात घाट चढायचा होता. मी म्हणालो, तिथं पोचल्यावर बघू. तिनं हात छातीवर नेला, गाठ चाचपली आणि गाडीत बसली.

हॉटेलात तिनं आम्हाला हसवलं. खोलीच्या दारात रांगोळीची चिमूट टाकली, ती झाडणाऱ्या बाईनं पुसली, तर तिलाच बसवून घरून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊ घातली. सकाळी उठून गाद्यांच्या घड्या घातल्या. बायको म्हणाली, अक्का, त्याला माणसं आहेत. अक्का म्हणाली, "आसतील. पर झोपलं कोण, त्ये का म्या?" वेटरला ती 'अप्पा' म्हणायची, आणि प्रत्येक भांड्याजवळ थांबून त्याला विचारायची, ह्यात अंडं न्हाई न्हवं? शेवटी तो तिला लांबून बघूनच मान हलवायला लागला.

दुसऱ्या संध्याकाळी पोरांनी तिला बागेतल्या झोपाळ्यावर बसवलं. आधी नको नको म्हणाली. मग दोन्ही हातांनी साखळ्या घट्ट धरल्या, पोरांनी मागून झोके दिले, आणि अक्का तोंड उघडून, पदर उडू देत, एखाद्या पोरीसारखी हसली. थंडी होती म्हणून बायकोचा स्वेटर तिच्या अंगात होता, वर शाल. नंतर तिचा हात छातीवर गेलाही असेल, पण लोकरीखाली काय आहे न काय नाही ते कसं लागणार?

सकाळी अंघोळीला गेली आणि बाहेर आलीच नाही. बायको आत गेली तर अक्का ओल्या फरशीवर बसलेली. हातात तुटलेला दोरा. गाठ नाही, लिंग नाही.

आम्ही खोली उलटीपालटी केली. मी हॉटेलच्या कचेरीत सांगून आलो. बाग बघितली, पण बागेत धुकं, झुडपं, आणि तिकडे कंपनीचे साहेब नाष्ट्याला बोलवायला लागलेले. अक्का रडली नाही. तिनं फक्त पाणी नाकारलं. तिला शुगर होती, गोळी घ्यायची होती, पण लिंगाशिवाय घोटभर पाणीही नाही. म्हणाली, "मला मठात ने, अप्पा. स्वामी दुसरं देतील, त्यांच्या हातून घ्यावं लागतंय. तवर मी न्हाई खाणार."

तिचं बरोबर होतं. हरवलं तर गुरूकडून नवं घ्यायचं, तशी रीतच आहे. सोलापूरपर्यंत मागे गेलो असतो तरी काम झालं असतं. पण त्या संध्याकाळी जेवणात माझा सत्कार होता. तालुक्यात पहिला आलो होतो. त्यासाठी कोट शिवून घेतला होता. बायको म्हणाली, निघू या. मी म्हणालो, उद्या पहाटे निघू. ती म्हणाली, "सत्काराची शाल काय, पोस्टानं बी येती." मी तिच्यावर ओरडलो.

दुपारपर्यंत अक्काच्या हातापायाला कापरं सुटलं. घामानं चोळी भिजली. बायको डॉक्टर बघायला खाली गेली, आणि मी गाडीकडे गेलो. कप्पा उघडला. माझं लिंग बाहेर काढून स्वच्छ रुमालात बांधलं.

"अक्का, सापडलं. गाडीत पडलं व्हतं, सीटाखाली. कापड मळलं व्हतं म्हणून बदललं."

तिनं दोन्ही हात पुढे केले. ते हात मला अजून दिसतात. तशा अवस्थेत उठून तिनं अंगावर पाणी घेतलं, भस्म लावलं, रुमाल सोडला आणि लिंग डाव्या तळहातावर घेतलं. डोळ्यात मोतीबिंदू होता, तिला नीट दिसत नव्हतं. पण हाताला कोण फसवणार? तिचं लिंग सगळ्या जन्माच्या पूजेनं घासून गुळगुळीत झालेलं. माझं कुणी हातच न लावलेलं. अंगठा फिरवत बराच वेळ बसली.

"खरखरीत लागायलंय, अप्पा."

मी म्हणालो, रातभर थंडीत पडलं होतं अक्का.

"व्हय," ती म्हणाली. "रुसलंय. मी झोक्यावर बसले न्हवं का."

मग तीर्थ घेतलं, गोळी घेतली, दहीभात खाल्ला. डॉक्टर आला तेव्हा त्याला काम उरलं नव्हतं. संध्याकाळी कोट घालून मी शाल घेतली. तो फोटो अजून दुकानात गल्ल्यामागे लावलेला आहे. गिऱ्हाइकं विचारतात, मालक, ह्ये कुठलं? महाबळेश्वर, म्हणतो.

ह्यानंतर काय होईल असं मला वाटलं होतं? काही नाही. जीव वाचवला असं वाटलं होतं. घरी पोचल्यावर तिला बाजूला घेऊन सांगू, मठात नेऊ, असंही ठरवलं होतं. पोचलो, आणि ती आमच्या आईला सांगायला लागली की अप्पानं सीटाखाली शिरून शोधलं. आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग कसं सांगणार? पुढे कधीतरी आईनं माझ्या लिंगाचं विचारलं. मठात ठेवायला दिलं म्हणालो. एका खोट्याला दुसरं खोटं फार लवकर सुचतं.

पेरणीचे दिवस होते, दुकानात उभं राहायला जागा नव्हती, तेव्हा हॉटेलातून फोन आला. मॅनेजर अगदी सभ्य माणूस होता. म्हणाला, सर, झोपाळ्यामागच्या झुडपात माळ्याला कापडात बांधलेला काळा दगड मिळालाय, तुम्ही चौकशी केली होती ना, कुरिअर करू का? समोर बियाण्याच्या पिशव्यांसाठी लोक हात पुढे करून उभे. बायको गल्ल्यावर. पार्सल आलं की तीच उघडणार.

"आमचं मिळालं," मी म्हणालो. "ते आमचं नाही. टाकून द्या."

तो बरं म्हणाला.

तुम्ही म्हणाल, दगडच तो. मीही स्वतःला तेच सांगून बघितलं. पण शेजारी राहून मी जे पाहिलं ते तुम्ही पाहिलेलं नाही. अक्काचं ते गळ्यातल्या धन्याचं बोलणं बंद झालं. आधी सोमवार धरायची, मग एकच वेळ जेवायला लागली. लग्नकार्य सोडलं. पोरं खेळायला बोलवायला गेली की म्हणायची, मला हसायला लावू नका रे. सकाळी मी दाढी करताना भिंतीपलीकडून तिचा आवाज यायचा. मंत्र नसायचा तो. "बोल की. किती दिस रुसशील? चुकले म्हणते न्हवं."

कडगंचीला, सासरी, तिची एकुलती एक लेक बाळंत झाली. जावई गाडी घेऊन न्यायला आला. अक्का गेली नाही. घराबाहेर पाय काढला की ते हरवतंय, म्हणाली. लेकीनं राग धरला. कुठली धरणार नाही?

एकदा अक्का दुकानात आली, गर्दी नाही बघून बाकावर बसली. "अप्पा, खरं सांग. ते सीटाखाली कसं पडलं व्हतं? पालथं व्हतं का?" पालथं असलं तर तिला वेगळं प्रायश्चित्त घ्यायचं होतं.

एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "न्हाई अक्का. सरळ व्हतं."

"मग कामून बोलत न्हाई?" तिनं माझ्याकडे बघत विचारलं. मग मलाच बरं वाटावं म्हणून, "आसू दे. तू तरी काय करशील," म्हणाली आणि पदर सावरून गेली.

गेल्या थंडीत ती वारली. आमच्यात बसवून पुरतात आणि लिंग डाव्या तळहातावर ठेवतात, धनी आणि ती एक झाली असं मानून. स्वामींनी तिच्या गळ्यातली गाठ सोडली. तिच्या हातावर माझं लिंग ठेवलं, बोटं मिटवली. ते आता गुळगुळीत झालं होतं का, मला माहीत नाही. मी मान खाली घालून विभूती टाकली आणि बाजूला झालो.

लेक आता महिन्याच्या अमावास्येला समाधीवर येते, जाताना दुकानात डोकावते. बाकावर बसून पाणी पिते. मागच्या वेळी तिचं पोर बियाण्याच्या पिशव्यांवर चढत होतं, त्याला खाली ओढत ती म्हणाली, "अण्णा, तुमी आईचं लिंग शोधून दिलं, लई उपकार हायत. पर ती अशी गप कामून झाली? माज्या बाळंतपणाला बी आली न्हाई. मी मग तिच्याशी धड बोललेच न्हाई. तिनं असं काय पाप केलं व्हतं की एवढा उपास करावा?"

मी म्हणालो, वय झालं होतं.

हे मी तुम्हाला आधी सांगतोय आणि तिला नाही, तेही त्याच भित्रेपणात धरा. अक्काचं लिंग मी परत आणू शकत नाही, ते कुठं टाकलं हे विचारायला ते हॉटेलही आता त्या मालकाकडे राहिलेलं नाही. पण तुझ्या आईनं काहीही पाप केलं नव्हतं, केलं ते मी, एवढं सांगायचं मी त्या लेकीचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.