अर्धं बोट

आमच्या चुलत सासऱ्यांइतका वाकड्या भिंतींवर रागावणारा माणूस शिरूर आणि दौंड ह्या दोन तालुक्यांत झाला नाही, आणि पुढे होईल असे मला वाटत नाही. सगळे त्यांना आप्पा म्हणत. जन्मभर त्यांनी गवंडीकाम केले. काम सुटले तरी पितळी ओळंबा बंडीच्या खिशात असायचाच. कुणाच्या घरी गेले की चहाच्या कपाला हात लावण्याआधी ते दोरी सोडून ओळंबा चौकटीशी धरत. पाटसला माझ्या नणंदेसाठी स्थळ बघायला गेलो, तेव्हा मुलगा सगळ्यांना पसंत पडला. आप्पा तेवढे भिंतीकडे बघत होते. परतताना बसमध्ये म्हणाले, "पोरगा चांगला हाय. पर माजघराची भिंत अर्धं बोट बाहेर हाय. अशा घरात पोरगी द्यायची म्हंजी..." लग्न झाले, संसार चांगला चालला आहे, पण आप्पा त्या घरात शेवटपर्यंत भिंतीपासून लांब बसत.

त्यांच्या मते सरळ वस्तू जगात एकच होती, शिरूरच्या आमच्या जुन्या चौकातली दगडी कमान. ती बांधणाऱ्यांत त्यांचे आजोबा होते. चौकाचा सगळा इतिहास आप्पांना पाठ, पण त्यात राजे नव्हते की लढाया नव्हत्या. दगड नदीपल्याडच्या कोणत्या खाणीतला, चुना बैलाच्या घाण्यात किती दिवस मळला, डावीकडचे कोणते दगड डावखुऱ्या गड्याने घडवले, असा तो इतिहास. चौकात येईल त्याला ते कमानीखाली उभे करून मान वर करायला लावत. दौंडच्या एका पाहुण्याची त्यात एसटी चुकली. तो कळवळून म्हणाला, "आप्पा, माझी गाडी गेली की!" आप्पा म्हणाले, "गाडी उद्या बी हाय. आभाळ आलं तर ही सावली उद्या पडंल का?"

गावात टेलिफोनचे पिवळे बूथ नुकतेच आले होते, त्या सुमारास चौकातला रस्ता रुंद करायचे ठरले. कमान आड येत होती. आप्पा रस्त्याच्या कामावरच्या साहेबांच्या इतके मागे लागले, की दगड सुटे काढून नदीकडच्या मैदानात तीच कमान पुन्हा उभारायची, असे साहेबांनी कबूल केले. अट एकच, प्रत्येक दगडावर आकडा हवा. आप्पांना लिहिता येत नव्हते. मी चौथी शिकलेली, म्हणून मला बोलावले. ते सांगायचे, मी पदर सावरून लिहायची. त्यांच्यापुढे मी कधी तोंड उघडले नव्हते. मान हलवली की झाले. कुणीतरी ऑइलपेंट आणला तेव्हा आप्पा भडकले. "दगडाच्या तोंडाला पेंट? त्यो काय नाटकात चाललाय?" म्हणून आकडे गेरूने लिहिले.

दगड सुखरूप उतरले आणि चौकाच्या कडेला मांडून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याला निघाले, तर गल्लीतल्या बायका दगडांभोवती जमलेल्या. कमान जागा सोडून निघाली, तिला तशीच कशी पाठवायची? म्हणून कळशा आणून त्यांनी एकेक दगड धुवायला घेतला होता. धुतलेल्याला हळदकुंकू लागत होते. थोरल्या जाऊबाईंनी माझ्याही हातात तांब्या दिला. "बघतीस काय? वत की." गेरू ओघळून लाल पाणी गटाराला चालले होते. मला सगळे कळत होते. तरी मी पाणी ओतले.

दहाला साहेब आले. कोरे दगड बघून ते डोक्याला हात लावून म्हणाले, "आता हे रचणार कसं? गवंड्यांची टोळी आठच दिवस आहे, उद्यापासून रचायला लागलं पाहिजे. आज पाचपर्यंत आकडे पडले तर ठीक, नाहीतर सगळे दगड गटाराच्या भरावात." जाऊबाई रडायला लागल्या. आप्पा आता कुणाला तरी मारतील असे मला वाटले. ते खाली बसले. डोळे मिटून एका दगडावर तळवा फिरवला आणि मला म्हणाले, "टाकीचा घाव उलटा हाय. डावखुऱ्याचा. डाव्या अंगाला तिसरा. लिही."

वरचे निमुळते दगड लवकर ओळखू आले. खालच्या खांबांचे चौकोनी दगड मात्र सगळे सारखे. दुपारी आप्पांचे हात थांबले. बायकांकडे बघून ते ओरडले, "रडतायसा काय? जल्म काढला की हिच्याखाली. कोण कुठं बसायचं, सांगा की!"

भाजीवाली म्हातारी पुढे आली. "ह्यो माझा. इळा घासून खड्डा पडलाय बघा. उजव्या अंगाला, बसल्यावर कोपरापाशी." पानवालीने बोटांचा चुना पुसलेला दगड ओळखला.

"लाज न्हाई वाटली व्हय, कमानीला बोटं पुसायला?"

"तुमच्या आज्यानं फडकं कुठं ठिवलं व्हतं तितं!"

हसतहसत दगड लागत गेले. पाच वाजायला आले तेव्हा दोन दगड आणि दोन जागा उरल्या, एक डाव्या खांबात, एक उजव्या. आप्पांनी दोन्हींवर तीनदा हात फिरवला आणि तिन्ही वेळा मान हलवली. दगड भरावात न्यायला आलेला ट्रॅक्टर सुरू झाला. साहेब घड्याळ बघत उठले.

एका दगडाचा टवका उडालेला होता. लग्न होऊन मी आले तेव्हा वरात कमानीखाली थांबली होती, आणि गर्दीत घाबरून मी डाव्या हाताने तीच तुटकी कड धरली होती. बांगडी त्याच्यावरच फुटली. मी त्या दगडावर हात ठेवला आणि बोलले, "ह्यो डावीकडचा, आप्पा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आप्पांनी एकदा दगडाकडे बघितले, मग बराच वेळ माझ्याकडे. म्हणाले, "सूनबाई म्हंती डावा. लिही डावा."

कमान उभी राहिली. काही वर्षांनी, आप्पांना काठीशिवाय चालता येईना तेव्हा, त्यांनी मला तिथे न्यायला सांगितले. त्यांनी ओळंबा सोडला. दोरी हलायची थांबली तेव्हा माझा दगड तिच्यापासून अर्धं बोट बाहेर दिसला. तेव्हा माझ्या ध्यानात आले. आप्पा डावे-उजवे चौकातून बघून म्हणत. मी नवरी बाहेरून आले होते. माझे डावे ते त्यांचे उजवे.

"आप्पा, माझा दगड चुकला."

"बसवला तवाच कळलं व्हतं."

"मग बोलला का न्हाई?"

"तू बोलली व्हतीस की," आप्पा म्हणाले आणि दोरी गुंडाळायला लागले.

आता आप्पा नाहीत. ओळंबा आमच्या घरी खिळ्याला टांगलेला आहे. बाजाराला जाताना मी वाट वाकडी करून मैदानातून जाते आणि त्या बाहेर आलेल्या दगडावर थोडा वेळ हात ठेवते.