मावशीच्या पट्टीतलं गाणं

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर माझ्या आवाजाचे वरचे सूर गेले. असं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे तक्रार करायलाही कोणी नव्हतं. पुण्यात बारा वर्षं गाण्याच्या बाईंकडे काळी पाचच्या उंच पट्टीत गायले होते. आता वरच्या षड्जाकडे निघाले की नुसती हवा यायची. मी गाणं बंद केलं. बाईंना फोन करणंही हळूहळू थांबलं. काय सांगणार होते त्यांना?

आता इथे परदेशात, हिल्सबरोतल्या एका फार्मसीत मी फार्मासिस्ट आहे. तिथे रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला एक अमेरिकन आजी यायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, उंच, भर थंडीतही पायात जँडल्स, म्हणजे अंगठ्याच्या रबरी चपला. एकदा मी त्यांना नवी गोळी कधी घ्यायची ते सांगत होते, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं.

“तुझ्या आवाजाला काय झालंय?”

असं तोंडावर कोणी विचारत नाही. “ऑपरेशन झालं,” मी म्हटलं.

“गातेस का?”

“गायचे.”

“शनिवारी सकाळी ये,” म्हणत त्यांनी गोळ्यांच्या कागदी पिशवीचा कोपरा फाडून त्यावर पत्ता लिहून दिला.

मी गेले नसते. नवराच म्हणाला, “जाऊन तर बघ. नाही आवडलं तर चहा पिऊन परत ये.”

आजींच्या बैठकीच्या खोलीत चार बायका होत्या. त्यातली एक, इथल्या मूळच्या माओरी समाजातली शिक्षिका, बॅन्जो वाजवायची. आजी लहानपणी अमेरिकेतल्या ज्या डोंगराळ भागात वाढल्या, तिथल्या बायकांची जुनी गाणी त्या गात होत्या: नदीत बुडालेल्या प्रियकराची, पाळण्यातल्या आजारी बाळाची. आजींच्या आईने शहरात आल्यावर ती गाणी टाकून दिली होती, लोक गावंढळ म्हणतील म्हणून. आजींकडे उरली होती ती एक कॅसेट. स्वयंपाकघरात काम करता करता त्यांची मावशी गायली होती, ते कोणीतरी रेकॉर्ड केलेलं. त्या कॅसेटवरून एकेक गाणं त्या या बायकांना शिकवत होत्या.

पहिल्याच दिवशी मी गाताना जमेल तिथे हरकती-मुरक्या घेतल्या. शिक्षिकेने बॅन्जो वाजवायचा थांबवला. आजी म्हणाल्या, “सुंदर आहे. पण हे गाणं सांगायचं असतं, सजवायचं नसतं.”

घरी येईपर्यंत मी धुसफुसत होते. बारा वर्षं जे शिकले, तेच ही बाई काढून टाकायला सांगत होती. तरी पुढच्या शनिवारी गेले. सूर सरळ लावायचा आणि शब्द संपला की सोडून द्यायचा, एवढंच. पण ते जमायला मला दोन महिने लागले. लपायला कुठे जागाच नव्हती.

मग एका शनिवारी आजींनी कॅसेटवरचं एक गाणं लावलं. खाणीतून परत न आलेल्या नवऱ्याचा डबा रोज सकाळी भरणाऱ्या बाईचं. मावशीचा आवाज खूप खालचा आणि भरभरीत होता.

“हे आम्ही सोडून दिलंय,” आजी म्हणाल्या. “आमच्यातलं कोणी एवढं खाली जात नाही. पट्टी वाढवून पाहिली, तर नुसतं गोड होतं. मावशीचं राहत नाही.”

मी पट्टी ओळखली. काळी एक, एरवी पुरुष गातात ती. दुसऱ्यांदा लावल्यावर मी नकळत सोबत गायला लागले, आणि आवाज होता. अख्खा, भरलेला, कुठेही न फाटणारा. गाणं संपलं. आजी उठून किचनमध्ये गेल्या आणि बराच वेळ नळ वाहत राहिला. परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. “पुन्हा,” त्या म्हणाल्या.

पुढे एका रविवारी दुपारी जवळच्याच मनुरेवातल्या एका हॉलमध्ये आमचा छोटासा कार्यक्रम झाला. मावशीचं तेच गाणं गाताना तिसऱ्या कडव्यात मी घाबरले, श्वास चुकला आणि शब्दाच्या मध्येच आवाज गेला. शेजारी उभ्या असलेल्या आजींनी माझ्याकडे न पाहता तोच सूर त्यांना जमेल त्या वरच्या सप्तकात धरून ठेवला. मी श्वास घेतला, परत त्या सुरात शिरले आणि गाणं पूर्ण केलं. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ रुमाल शोधत होते.

नंतर चहाच्या टेबलाशी एक वयस्क बाई आजींना विचारत होत्या, “वयाने माझा आवाज खाली गेला म्हणून मी कॉयरमध्ये गाणं सोडलं. तुमच्याकडे चालेल?” आजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. “हिच्या शेजारी उभी राहा.”

मी रेकॉर्डिंग पुण्याला बाईंना पाठवलं. तिसऱ्या दिवशी फोन.

“शब्द काही कळले नाहीत,” बाई म्हणाल्या. “सूर खरा आहे. एवढे दिवस गप्प का होतीस?”

“वरचे सूर गेले, बाई. तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही.”

“वरचे गेले ना? मग खालचे शिकू. मंगळवारी फोन कर.”

आता मंगळवारी बाई असतात आणि शनिवारी आजी. आजींकडे जाताना माझी नऊ वर्षांची लेकही गाडीतून सोबत येते. मराठी तिला सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. मी वाटेत आजींचं नवं इंग्रजी गाणं घोकत असते आणि ती मागच्या सीटवरून माझे उच्चार दुरुस्त करते.

“मम, नॉट लाइक दॅट. लिसन.”

आणि मग ती स्वतःच ती ओळ गाऊन दाखवते, अगदी सरळ सुरात.