नावाच्या जागी उलटा खिळा

घरात तान्हं पोर असलं की ओली दुपटी साठतात ना, तसेच किस्से साठतात. वेळच्या वेळी वाळत घातले नाहीत तर वास मारायला लागतात. माझं पुस्तक छापायला घेतलं तेव्हापासून असे बरेच साठलेत. पुस्तक आनंदाचं नाही, हे आधीच सांगून ठेवते. किस्से त्यातल्या त्यात बरे!

*

पारनेरहून नगरच्या छापखान्यात पहिल्यांदा गेले ती आठ महिन्यांच्या पोराला काखेत मारून. दादासाहेब तिथले मालकही आणि संपादकही. साप्ताहिकातला माझा एक लेख वाचून ते "आणखी लिहा" म्हणाले होते, आणि मी वेडी, गठ्ठाच लिहून घेऊन गेले!

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "वय काय तुमचं?"

"सव्वीस."

"आणि आठवणी लिहिल्यात? घडायचं ते सगळं घडून गेलं का?"

मी "हो" म्हणणार होते. तेवढ्यात पोरानं टेबलावरच्या पहिल्याच पानावर मुतून घेतलं. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. दादासाहेबांनी ते पान दोन बोटांत धरून खिडकीत वाळत घातलं.

"असू द्या. प्रस्तावना तशीही काढायचीच होती!"

*

"पोराचं नाव?"

"केरू."

"बी.ए. झालात ना तुम्ही?"

मग सांगावं लागलं. माझा थोरला दुष्काळाच्या पहिल्या उन्हाळ्यात गेला. म्हणून आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, धाकट्याला जन्मल्याबरोबर सुपात घालून केरावर ठेवलं. शेजारणीनं उचललं आणि मूठभर कोंड्याला आम्हालाच परत विकलं. टाकाऊ नावाच्या पोराकडे मरण ढुंकून बघत नाही म्हणे.

"तुमचा विश्वास आहे यावर?"

"मुळीच नाही!"

"मग घरात हाक काय मारता?"

"केरू."

*

दादासाहेबांची तांबडी पेन्सिल म्हणजे विळा. "कागद मिळत नाही बाई हल्ली. रडण्यासाठी तर नाहीच नाही," असं म्हणत सपासप कापायचे.

मी बाकावर बसून बघायची. शेजारी केरू झोपलेला. मला एक खोड लागलीय. पोर झोपलं की त्याच्या नाकाखाली बोट धरून बघायचं, श्वास चालू आहे का. दादासाहेब हे बघत होते.

"हेच केलंयत तुम्ही पानोपानी," ते म्हणाले. "दर चार ओळींनी वाचकाच्या नाकाखाली बोट! झोपू द्या की त्याला. नाही मरत तो!"

*

आमच्या ह्यांनी प्रूफं वाचली. हे शाळामास्तर, त्यामुळे वाचताना हातात पेन्सिल हवीच. पहिली चाळीस पानं ह्यांनी फक्त चहा मागितलाय, असं मीच लिहिलेलं. मला वाटलं, आता भांडण!

पण ह्यांनी एकच ओळ दाखवली. हे विहिरीमागं जाऊन रडले होते, ती.

"एवढं काढ," म्हणाले. "वर्गात उभं राहायचंय मला."

दादासाहेबांनी मात्र ती ठेवली. "मास्तरांना सांगा, संपूर्ण पुस्तकात तेवढंच एक काम केलंय त्यांनी!"

*

एका प्रकरणाला मात्र पेन्सिल लागली नाही. थोरल्याला जुलाब लागले, टँकरचं पाणी बाधलं, आणि त्याला घेऊन मी एस.टी.नं नगरच्या दवाखान्यात निघाले होते, ते प्रकरण. भाळवणीच्या अलीकडेच माझ्या हाताला कळलं. पण कंडक्टर खाली उतरवेल, म्हणून नगर येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. पदर नीट करत बसले.

"उतरताना कंडक्टर काय म्हणाला, ते खरं आहे?" दादासाहेबांनी विचारलं.

"शब्दन् शब्द."

तो म्हणाला होता, "सावकाश उतरा बाई. पोर झोपलंय."

दादासाहेबांनी त्या प्रकरणापुढची तीन पानं काढून टाकली.

*

मग नावावरून अडलं.

"पुस्तकभर 'तो', 'थोरला', 'पोर'. नाव काय त्याचं?"

"घरात घेत नाहीत. घेतलं तर धाकट्याच्या मागे लागतं, असं आत्याबाई म्हणतात."

"आणि तुम्ही?"

"मी बी.ए. आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मीही घेत नाही."

दादासाहेब चिडले. "पोर म्हणजे काय दुष्काळाचं उदाहरण आहे? नावाशिवाय मी छापणार नाही!"

कंपोझिटरला सांगून त्यांनी नावाच्या प्रत्येक जागी अक्षराचा खिळा उलटा बसवायला लावला. मजकूर यायचा बाकी असला की तसंच करतात. अक्षराऐवजी खिळ्याची मागची बाजू उमटते, काळा ठोकळा. अशी ती प्रूफं मी घरी आणली. पानापानावर काळं!

*

आत्याबाई केरूला मांडीवर घेऊन तीट लावत होत्या. त्यांना वाचता येत नाही, पण नजर तेज.

"आगं, पुस्तकाला बी तीट लावत्यात व्हय?"

खोटं सुचलं नाही. "तिथं थोरल्याचं नाव यायचंय, आत्याबाई."

"समद्या ठिकाणी?"

"जिथं जिथं काळं आहे तिथं."

आता पानं चुलीत जाणार, या तयारीनं मी बसले. त्यांनी केरूला उचलून माझ्याकडे दिलं.

"त्याचं कान झाक."

मी झाकले. त्यांनी काजळाचं बोट पहिल्या ठोकळ्यावर टेकवलं आणि नाव घेतलं. जेवायला हाक मारतात तसं. मग दुसऱ्यावर. पुन्हा नाव. पान संपलं तसं म्हणाल्या, "पलट."

दुसऱ्या दिवशी दादासाहेबांनी पानं उजेडात धरली. "हे बोटांचे डाग कसले?"

"सासूबाईंनी प्रूफं तपासली."

त्यांनी पानं खाली ठेवली. मग कंपोझिटरला हाक मारली. "घ्या, नाव जुळवा."

"कोणतं?" त्यानं विचारलं.

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

मी केरूचे कान झाकले.

"सुभाष."