गोळ्याला फुटलेले पान

प्रयोगशाळेतल्या सगळ्यांच्या काकू काचेच्या बरण्यांमध्ये रोपे वाढवत. सासूबाईंचा जीव की प्राण असलेला गुलाब वाळला, तेव्हा त्याचा शेवटचा हिरवा कोंब काकूंनी बरणीत जपला. मुळे लवकर फुटावीत म्हणून वाढीचे द्रव्य सढळ हाताने घातले आणि पेशी नुसत्याच वाढत सुटल्या. ना मूळ, ना पान, केवळ गोळा! मग काकूंनी ते द्रव्य कमी केले, पालवी फोडणारे दुसरे वाढवले आणि देव पाण्यात ठेवले. आज गोळ्यावर पान दिसताच त्यांनी घरी फोन लावला.

“आई, पान फुटलं!”

“अगं, बाळंतपण झाल्यासारखी ओरडतेस काय?”

“तसंच समजा!”

“मग बाळाला बघायला निघालेच मी. माझी चप्पल कुठे ठेवलीस?”