प्लगच्या खड्ड्यातलं पाणी

स्तामेन मेकॅनिकच्या गॅरेजात दोन गोष्टींना बंदी होती. एक, त्याच्या कामात नाक खुपसणं, आणि दुसरी, इंजिनावर पाणी मारणं. पहिली बंदी ब्रेस्तोवोत कुणीच पाळत नसे, कारण दुपारच्या वेळी दुसऱ्याच्या कामात नाक खुपसण्यावाचून आमच्या गावात करण्यासारखं फारसं काही नाही. दुसरी मात्र सगळे पाळत. ईस्टरच्या आधी आमच्याकडे घर, गालिचे, अंगण, कोंबड्यांचं खुराडं, सगळं धुऊन निघतं. त्या नादात एका वर्षी पाद्रीबाबांनी आपल्या गाडीचं बॉनेट उघडून इंजिनावरही नळी धरली. गाडी खोकत, गचके खात स्तामेनच्या दारात आली, तेव्हा त्याने अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सुनावलं, "पाद्रीबाबा, बाप्तिस्मा माणसाला देतात! इंजिन जन्मतःच ख्रिस्ती असतं, त्याला परत कशाला बुडवता?" पाद्रीबाबा बिचारे दाढी कुरवाळत उभे राहिले. तेव्हापासून गावात कुणाला इंजिन धुवायची इच्छा झालीच, तर तो शेजारच्या गावी जाऊन धुवी.

असा हा स्तामेन. उंचीने बेताचा, आवाजाने अवाढव्य. गाडी बोळात शिरली की नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं सांगे. माणसांचं दुखणं मात्र त्याला समोर बसवून सांगितलं तरी कळत नसे, आणि कळलंच तर त्यावर काय बोलायचं ते सुचत नसे. मग तो टायरमधल्या हवेविषयी बोले.

गॅरेजच्या दारावर त्याने निळ्या अक्षरांत पाटी रंगवली होती, 'स्तामेन आणि मुलगा'. ती रंगवली तेव्हा मुलगा, म्हणजे यावोर, नुकता चालायला लागला होता. पुढे तो खरंच बापाच्या हाताखाली शिकला, पाना कुठला आणि कधी द्यायचा हे न सांगता ओळखू लागला. आणि मग ऐन विशीत, गावातली इतर पोरं गेली तसा, जर्मनीला निघून गेला. त्याची बस गेली त्याच दिवशी स्तामेनने करड्या रंगाचा डबा उघडला आणि पाटीवरचं 'आणि मुलगा' त्या रंगाखाली झाकून टाकलं. त्याची बायको दाफिंका कितीतरी दिवस त्याच्याशी बोलली नाही. पुढच्या उन्हाळ्यात यावोर घरी आला, त्याने मान वर करून पाटी पाहिली, आणि बॅगा उचलून आत गेला.

दर उन्हाळ्यात यावोर गाडीने यायचा. दर उन्हाळ्यात स्तामेन ठरवायचा, की या खेपेला सांगायचंच: रागाच्या भरात केलं रे, चुकलं माझं. आणि दर उन्हाळ्यात गाडी गावच्या कारंज्याच्या कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली की त्याच्या तोंडात ते वाक्य तयार असायचं.

मी सांगतो आहे त्या वर्षी यावोर बायकोमुलांना तिकडेच ठेवून एकटाच आला होता, तोही थोडक्या दिवसांसाठी. त्यातले निम्मे दिवस दातांच्या डॉक्टरकडे गेले, कारण जर्मनीत दात दुरुस्त करायचा तर दुसरा दात विकावा लागतो म्हणे. एका संध्याकाळी जेवताना तो सहज बोलून गेला, "पुढच्या आठवड्यात गाडीची तपासणी आहे. तिथला माणूस इंजिनावर तेलाचा ओघळ दिसला तरी तोंड वाकडं करतो."

यावोर विसरूनही गेला. स्तामेनच्या मात्र ते काळजाला लागलं. आपल्या मुलाच्या, म्हणजे आपल्या शागिर्दाच्या, इंजिनाकडे बघून कुणी परका तोंड वाकडं करणार! शनिवारी दुपारी यावोर शेवटचा दात भरून घ्यायला गेला, आणि स्तामेनने प्रेशरचा पंप बाहेर काढला.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणतात. स्तामेन तर त्या दिवशी कोरडाही राहिला नाही. सुरुवातीला त्याने सगळं रीतसर केलं. बॅटरी झाकली, वायरींच्या जोडांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, फवारा लांबून धरला. पण वरचं झाकण काढल्यावर आत तेलाचा जुना थर दिसला. मग फवारा जवळ गेला, पिशव्या सुटल्या, आणि स्तामेन लहान मुलाला न्हाऊ घालावं तसा त्या इंजिनात रमला. शेवटी फडक्याने पुसून त्याने झाकण बसवलं. इंजिन इतकं लखलखीत झालं, की दाफिंका म्हणाली, "माझ्या भांड्यांना कधी असा हात लावला नाहीस." स्तामेन तेव्हाही खूष होता.

रविवारी सकाळी यावोरची गाडी निघाली. मागच्या सीटवर ल्युतेनित्साच्या, म्हणजे लाल मिरचीच्या चटणीच्या बरण्या, टोमॅटोची पेटी, फडक्यात बांधलेली चीजची गरम बानित्सा. दाफिंका तांब्याच्या लोट्यात पाणी आणि जिरेनियमची डहाळी घेऊन फाटकात उभी होती. निघणाऱ्याच्या वाटेवर ते पाणी सांडायचं, म्हणजे त्याचं सगळं पाण्यासारखं सुरळीत वाहतं. ती आईकडून शिकली होती, की एकदा ते पाणी ओलांडलं की मागे फिरायचं नाही. काही विसरलं तर विसरू द्यायचं.

तिने पाणी सांडलं. गाडी त्यावरून गेली, कारंज्याशी पोचली, थरथरली, खोकली, आणि गचके खात मागे वळून परत आली.

"अगं बाई गं, पाणी ओलांडून परत आला!" दाफिंकाने कपाळाला हात लावला.

"आई, गाडी मिसिंग मारतेय, त्याला तुझं पाणी काय करणार?" यावोर खिडकीतून म्हणाला.

पाण्यानेच केलं होतं ते, फक्त दाफिंकाच्या नव्हे. स्तामेनला गाडी कोपऱ्यावर असतानाच कळलं होतं. या इंजिनात प्लग खोल खड्ड्यात बसतात आणि वरून त्यांना ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलची रबरी नळी त्यांना झाकते. रबर जुनं झालं की आकसतं. पाणी आत उतरतं, साचतं, आणि ठिणगी प्लगमध्ये पडायच्या ऐवजी त्या पाण्यातून पळ काढते. चारातला एक सिलिंडर नुसता बसून राहतो. कॉइल उपसायची, खड्ड्यात हवा मारायची, रबर पुसून वाळवायचं, परत बसवायचं. कॉफी निवायच्या आत होणारं काम.

"किती वेळ लागेल, बाबा?" यावोरने विचारलं.

'दहा मिनिटं' असं म्हणायला स्तामेनने तोंड उघडलं होतं, हे मी छातीठोकपणे सांगतो. पण समोर मुलगा उभा होता, हातात किल्ली, एक पाय आधीच जर्मनीत. आणि स्तामेनच्या जिभेने परस्पर सांगून टाकलं, "कॉइल गेलेली दिसते. आज रविवार, दुकान बंद. पावेलच्या भंगारात एखादी मिळते का बघतो. आजचा दिवस जाईल."

यावोर इंजिनाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "इंजिन फारच चकचकीत दिसतंय."

"पुसलं जरा फडक्याने."

"फडक्याने?"

"मग काय जिभेने? जा, मालकाला फोन कर."

यावोरने मान आडवी हलवली, म्हणजे आमच्याकडे 'हो', आणि तो अंगणात जाऊन फोनवर बोलला. परत आला तेव्हा म्हणाला, "दिली एक दिवस रजा. कुरकुरला, पण दिली."

एक अख्खा दिवस हातात आला होता. आता त्या पोराला द्राक्षाच्या मांडवाखाली बसवायचं, घरच्या दारूचे, राकियाचे, दोन पेले भरायचे आणि मनातलं बोलून टाकायचं, एवढंच बाकी होतं. पण थाप मारली की ती पोसावी लागते. दिवसभराचं काम सांगितल्यावर दिवसभर काम दिसायला नको? स्तामेन बॉनेटखाली शिरला. कॉइल काढल्या, पुसल्या, ओळीने मांडल्या. प्लग काढून पुन्हा लावले. खड्ड्यातलं पाणी त्याने पहिल्याच फुंकरीत उडवून टाकलं होतं. गाडी तेव्हाच बरी झाली होती. त्यानंतर तो एअर फिल्टर बघत बसला, ज्याला काहीही झालेलं नव्हतं.

यावोर दारातल्या बाकावर येऊन बसला. डोक्यावर ती पाटी.

"हात लावू का, बाबा?"

"तू बस. कपडे खराब होतील."

"होऊ देत की."

"बस म्हटलं ना!"

थोड्या वेळाने त्याने दोन कॉफ्या आणल्या. एक बापाजवळ ठेवली, दुसरी घेऊन बाकावर बसला. "ये की, दोन घोट घे बसून," तो म्हणाला. "आलो, आलो," स्तामेन बॉनेटखालून म्हणाला. कॉफी निवली. मग दुपारी दाफिंकाने घेवड्याचं सूप वाढलं, तर याने काळ्या हातांनी उभ्याउभ्याच दोन घास खाल्ले, न जाणो, टेबलाशी बसलो तर पोरगा विचारायचा, काम कुठवर आलं. दुपार कलली तरी यावोर बाकावरच होता. फोन त्याने खिशात टाकला होता. मधूनच तो काहीतरी विचारी: गुडघा कसा आहे, हिवाळ्यात लाकडं कोण फोडतं, गॅरेज आता एकट्याने झेपतं का. स्तामेन इंजिनाशी तोंड करून उत्तरं देत होता, बरा आहे, मीच फोडतो, झेपतं.

संध्याकाळी त्याने गाडी 'दुरुस्त' केली. तेवढ्यात शेजारचा त्सोलो राकिया घेऊन टपकला, कारण रविवारी गाडी परत आल्याची बातमी खालच्या आळीपर्यंत पोचली होती. मग अंधार पडेपर्यंत त्सोलोच बोलला. यावोरला पहाटे निघायचं होतं, तो लवकर झोपायला गेला.

पहाटे दाफिंका लोटा न घेताच फाटकात आली. "एका प्रवासाला दोनदा पाणी नसतं," ती म्हणाली. गाडी शिवणयंत्रासारखी एका लयीत निघून गेली. आणि कारंज्याच्या कोपऱ्यावर ती दिसेनाशी होताच स्तामेनच्या तोंडात वाक्य आलं.

पुढल्या वर्षी यावोरने ती गाडी विकली. बायको घाबरते म्हणाला, मुलांना घेऊन एवढ्या लांबच्या रस्त्यात पुन्हा बंद पडली तर? यापुढे विमानानेच येऊ. गाडी ठणठणीत आहे, ते नुसतं पाणी होतं, एवढं एक वाक्य फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं. स्तामेन म्हणाला, "विमान बरं." विमानाची तिकिटं महाग, सुट्ट्या जुळत नाहीत. एक उन्हाळा गेला, मग दुसराही. फोन यायचा तो आईसाठी. दाफिंका दर वेळी फोन ठेवून म्हणायची, "पाणी ओलांडून परत आला होता ना, तेव्हाच मी ओळखलं." बायको त्या लोट्याला दोष देत होती, आणि स्तामेन देऊ देत होता.

शेवटी यावोर आला तो भाड्याच्या गाडीने, दोनच दिवसांसाठी. निघायच्या सकाळी स्तामेन त्या परक्या गाडीभोवती फिरला, टायरांना लाथ मारून पाहिली, आणि गाडीच्याच टपाकडे बघत म्हणाला, "तुझी ती जुनी गाडी. कॉइल वगैरे काही गेली नव्हती. मी इंजिन धुतलं होतं."

"माहीत आहे मला," यावोर म्हणाला.

"म्हणजे?"

"बाबा, मी तुझ्या हाताखाली शिकलोय. धुतलेलं इंजिन, मिसिंग, एकच सिलिंडर. पाद्रीबाबांच्या गाडीतले प्लगचे खड्डे तू माझ्याकडूनच वाळवून घेतले होतेस."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

यावोर जरा हसला. "मला वाटलं, तुला काहीतरी सांगायचंय, म्हणून थांबवतोयस. मालकाने रजा नाकारली होती रे. मी तरी थांबलो, पगार कापला त्याने. दिवसभर बाकावर बसलो होतो ना मी." मग त्याने विचारलं, "काय सांगायचं होतं?"

आता सांगायचं होतं. मुलगा समोर उभा होता, विचारत होता, दाफिंका अजून आत लोटा भरत होती. स्तामेनने पाटीकडे पाहिलं. यावोरनेही पाहिलं. मग स्तामेन चाकापाशी वाकला आणि म्हणाला, "मागच्या डाव्या टायरात हवा कमी आहे."

"भरतो," यावोर म्हणाला. त्याने बापाला मिठी मारली, घट्ट, आणि गाडीत बसला. दाफिंकाने पाणी सांडलं. गाडी त्यावरून गेली, कारंज्याशी वळली आणि परत आली नाही.

त्याच दुपारी स्तामेनने शिडी लावली. एका हातात रंग काढायच्या थिनरचा डबा, एका हातात फडकं. पुढच्या वेळी यावोर येईल तेव्हा निदान पाटी तरी बोलेल, असं त्याच्या मनात होतं. दाफिंका खालून म्हणाली, "हळू घास रे." तो हळूच घासत होता. करडा रंग मऊ झाला, सुटला, फडक्यावर उतरला. त्याच्याखाली क्षणभर निळं काहीतरी दिसलं. मग तेही फडक्यावर उतरलं, आणि खाली नुसतं लाकूड राहिलं.