नऊ भाग आणि एक आडनाव

मुखवटा घालून शहर वाचवणाऱ्या त्या गड्याचे नऊच्या नऊ भाग मी थिएटरात जाऊन पाहिलेत. सीडीवर नाही, मोबाइलवर नाही, विमानातल्या टीचभर पडद्यावर तर नाहीच. पहिला भाग आला तेव्हा मी इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते आणि नववा आला तेव्हा माझ्या हाताखाली अठ्ठावीस माणसं होती. मधल्या चौदा वर्षांत कितीतरी लोकांनी ही मालिका अर्ध्यात सोडली. मी सोडली नाही आणि मला त्याचा अभिमान आहे. कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसावं.

नऊही वेळा माझ्या शेजारच्या खुर्चीत बाबा होते. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते आणि आम्ही तिथल्याच क्वार्टर्समध्ये वाढलो. गेटवर रोज खिसे तपासले जात. बाबा ज्या इमारतीत काम करत तिथे खिळे नसलेले बूट घालूनच जावं लागे, कारण एक ठिणगी पुरे होती. आत ते नेमकं काय करत हे आम्हाला कधीच कळलं नाही. विचारलं की म्हणत, "काम करतो." आईलासुद्धा याहून जास्त ठाऊक नव्हतं. शाळेत 'माझे वडील' हा निबंध मी चार ओळींत संपवला होता.

थिएटरात मात्र त्यांची जीभ सुटे. पहिला भाग आम्ही कँपातल्या एका जुन्या थिएटरात पाहिला. इंग्रजी संवाद मी त्यांच्या कानाशी मराठीत सांगत होते. पडद्यावर एक अख्खा पूल उडाला, मागे आगीचा लोळ उठला आणि आमचा मुखवटेवाला त्याच्याकडे पाठ करून शांतपणे चालत पुढे आला. लोक टाळ्या वाजवत होते. बाबा मोठ्यांदा म्हणाले, "इतक्या जवळ असता तर कान गेले असते ह्याचे. आणि दारूचा धूर असा नसतो." पुढच्या रांगेतल्या माणसानं मागे वळून सांगितलं, "काका, पिक्चर आहे." बाबा म्हणाले, "ते कळलंय. धुराचं सांगतोय मी."

मध्यंतरात त्यांनी दुसरी शंका काढली. "हा माणूस नाव का सांगत नाही गं? एवढं चांगलं काम करतो." मी समजावलं की तो दिवसा एका कचेरीत साधा नकाशे काढणारा आहे, नाव कळलं तर दुश्मन त्याच्या घरच्यांना त्रास देतील. बाबांनी थोडा विचार केला. "मग घरच्यांना तरी सांगावं," म्हणाले आणि बटाटेवडा संपवला.

नाव हा बाबांचा हळवा भाग होता. रेशनच्या दुकानात, बँकेत, खानेसुमारीवाल्यासमोर, कुठेही नाव विचारलं की ते स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं तिन्ही एका दमात सांगत, आणि आडनाव सगळ्यात मोठ्यानं. आमच्या आडनावावरून आम्ही कोण ते महाराष्ट्रात कुणालाही कळतं. माझे आजोबा छप्पन्न साली धम्म स्वीकारून आले तेव्हा भावकीतल्या कुणी तरी सुचवलं होतं की आता आडनावही बदलून टाकू. आजोबा म्हणाले, "देव सोडले ते बास झालं. नावानं माझं काय वाकडं केलंय?" हा किस्सा बाबा इतक्यांदा सांगत की तो सुरू झाला की आई कुकर लावायला उठे.

आता मालिकेबद्दल थोडं. खरं सांगायचं तर तिसरा भाग टाकाऊ आहे. पाचव्यात इतके वीर जमवलेत की लग्नाच्या पंगतीत वाढप्यांनी एकमेकांवर आदळावं तसं सगळ्यांचं होतं. खलनायक दर वेळी जग बुडवायला निघतो आणि दर वेळी भाषण करत बसतो. पण पहिल्या भागातला तो साधा नकाशे काढणारा मला फार आवडायचा. चारचौघांत मान खाली घालून वावरणारा आणि मुखवटा चढवला की ताठ होणारा. चौथ्या भागात एक नवी बाई आली. तिच्याही अंगात तेवढीच ताकद, पण तिनं मुखवटा घालायला साफ नकार दिला. उघड्या चेहऱ्यानं, स्वतःच्या नावानं लढायची. बाबा त्या दिवसापासून तिच्या बाजूचे झाले. मी मात्र इंटरनेटवरच्या चर्चांमध्ये पानंच्या पानं लिहून तिच्याविरुद्ध भांडले. हिला घरदार नाही का, ही मूर्ख आहे, मुखवटा ही सोय आहे, असं बरंच काही. मी एवढी चिडून का लिहीत होते ते मला तेव्हाही ठाऊक होतं.

कारण त्याआधीच मी हडपसरच्या आयटी पार्कमध्ये नोकरीला लागले होते. आमच्या क्वार्टर्सच्या रांगेतली पहिली मुलगी. ट्रेनिंगच्या दुसऱ्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर एकीनं माझं आडनाव विचारलं. पुण्यात हा प्रश्न एरवी असा थेट येत नाही. आधी गाव विचारतात, मग शाळा, मग "म्हणजे आपण नेमके कुठले?" हिनं सरळ विचारलं, मी सरळ सांगितलं. ती म्हणाली, "अच्छा." थोड्या वेळानं टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कोट्याचा विषय निघाला. आवाज हळू होता, पण मला ऐकू येईल इतकाच हळू. कंपनीत कोटा नव्हता आणि लेखी परीक्षेत मी बॅचमध्ये दुसरी आले होते. हे त्या टेबलावरच्या सगळ्यांना माहीत होतं. मी डब्याचं झाकण लावलं.

पुढच्याच आठवड्यात कायमच्या ओळखपत्राचा फॉर्म आला. नाव कसं छापायचं? मी माझं नाव लिहिलं, पुढे बाबांचं लिहिलं आणि थांबले. दक्षिणेकडच्या मुलांची नावं तशीच असतात, त्यामुळे कुणाच्या भुवया उंचावल्या नाहीत. बाबांचं नाव आडनावाच्या जागी जाऊन बसलं आणि मी नुसतीच एक मुलगी झाले, कुठलीही.

कार्ड घरी आणलं तेव्हा बाबांनी चष्मा लावला. "माझं नाव?"

"हो बाबा."

"आणि आडनाव?"

"कंपनीत अशीच पद्धत आहे," मी म्हणाले.

बाबा ते कार्ड घेऊन चपला न घालताच बाहेर पडले. सगळ्या रांगेत दाखवून आले. "कंपनीनं आडनाव नाही घातलं, बापाचं नाव घातलं. पोरीच्या गळ्यात माझं नाव हाय, बघा." दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याची झेरॉक्स काढली, लॅमिनेट केली आणि शर्टाच्या खिशात ठेवायला लागले. मी काही बोलले नाही. मी तेरा वर्षं काही बोलले नाही.

रोज तोंडाला स्कार्फ गुंडाळून, डोळ्यांवर गॉगल चढवून मी खडकीहून हडपसरला गाडीवर जायचे, पुण्यातल्या सगळ्या मुली जातात तशी. धूळ हे एक कारण असतंच. दारात शिरले की बाबा म्हणायचे, "आली आमची मुखवटेवाली." मी हसायचे आणि तेवढ्यापुरती मनातून खचायचे. तो गडी घरच्यांना वाचवण्यासाठी नाव लपवत होता. मी नाव लपवलं ते घरच्यांनाच लपवण्यासाठी.

नववा भाग शेवटचा होता. कंपनीनं हडपसरच्या मल्टिप्लेक्समधला शनिवार दुपारचा अख्खा शो घेतला आणि प्रत्येकाला घरातलं एक माणूस आणायला सांगितलं. बाबांना तिकीट मिळालं नाही असं सांगावं, हे माझ्या मनात दोनदा येऊन गेलं. पण त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. "शेवटचा आहे, चुकवायचा नाही," म्हणाले. निवृत्तीला मिळालेलं घड्याळ बांधलं, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा. गाडीत मी त्यांना काहीही सांगितलं नाही. अंधारात सगळं निभावून जाईल असा माझा हिशेब होता.

बाहेरच माझे वरिष्ठ भेटले. शहरातले, जुन्या वळणाचे, फार सभ्य गृहस्थ. हात पुढे करून त्यांनी बाबांना बाबांच्याच पहिल्या नावापुढे 'मिस्टर' लावून हाक मारली, कारण तेच आमचं आडनाव अशी त्यांची समजूत. "अहो, तुमची मुलगी म्हणजे आमच्या प्रोजेक्टचा कणा आहे," ते म्हणाले. "आपलं पूर्ण नाव नाही कळलं मला."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्या गळ्यातल्या कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना सगळं कळलं. तेरा वर्षांची 'पद्धत' त्यांना माझ्या तोंडावर वाचता आली.

त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. मग आजोबांचं नाव सांगितलं. आणि थांबले. हात जोडून नुसतं "नमस्कार" म्हणाले, जयभीमही म्हणाले नाहीत.

खानेसुमारीवाल्याला तिसरा शब्द नीट ऐकू आला नाही म्हणून त्याला दारातून परत बोलावणारा हा माणूस. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आपलं नाव अर्धं सांगितलं, आणि ते माझ्यासाठी. चौतीस वर्षं कारखान्याचं गुपित सांभाळलेल्या माझ्या बापानं माझं गुपित कळताक्षणी तेही सांभाळलं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि कुणाचा इतका अभिमानही कधी वाटला नव्हता.

आत सिनेमा सुरू झाला. धरण फुटलं, बोगदे उडाले, आगीचे लोळच्या लोळ उठले. बाबा एक अक्षर बोलले नाहीत. शेवटी चौकात सगळ्या शहरासमोर त्या गड्यानं मुखवटा काढला. शिट्ट्यांनी थिएटर दणाणलं, आमच्या टीममधली पोरं खुर्च्यांवर चढली. चौदा वर्षं मी ज्या क्षणाची वाट पाहिली तो क्षण मी पाहिलाच नाही. मी बाबांकडे बघत होते आणि बाबा मांडीवरच्या स्वतःच्या हातांकडे.

सिनेमा पाहून मला धीर आला असं कुणी समजू नये. तो गडी पडद्यावर मुखवटा काढतो, त्याला पैसे मिळतात. मला बाबांचं गप्प बसणं सोसेना, एवढंच.

शेवटी नावांची यादी सरकत असते. तिच्यानंतर एखादा छोटा प्रसंग दाखवतात म्हणून सगळे बसून राहतात. मी उठले. बाबांचा हात धरून साहेब बसले होते त्या पुढच्या रांगेशी गेले. "सर, मघाशी ओळख अर्धीच राहिली," मी म्हणाले. माझा आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा लागला. "हे माझे वडील." मी तिन्ही शब्द म्हटले, आडनाव सगळ्यात मोठ्यानं. "खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं होते. माझंही आडनाव तेच आहे. कार्डावर मी ते लिहिलं नाही, ती चूक माझी."

आसपासची सात-आठ डोकी वळली. एक जण लगेच मोबाइलमध्ये घुसला. दोघांच्या चेहऱ्यावर ते जुनं 'अच्छा' उमटलेलं मी स्पष्ट पाहिलं. साहेब क्षणभर गडबडले, मग उठून उभे राहिले. "चौतीस वर्षं! वा, वा." बाबांनी हात जोडले आणि या वेळी नीट, खणखणीत आवाजात म्हणाले, "जयभीम." मागच्या रांगेतून कुणी तरी म्हणालं, "बसा ना, पुढचा सीन लागेल."

सोमवारी मी कार्ड बदलायला टाकलं. आता माझ्या केबिनच्या पाटीवरही तीन शब्द आहेत. ते मी इथे लिहीत नाही. फारच उत्सुकता असेल त्यांनी हडपसरला येऊन वाचावेत, ऑफिसच्या वेळेत.

पण त्याआधी, त्याच शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं गाडीनं घरी निघालो होतो. पुलाच्या अलीकडे सिग्नलला अडकलो. बाबा समोर बघत म्हणाले, "कोण काय बोललं होतं तुला?"

मी सांगितलं. ते टेबल, ती मुलगी, तो कोट्याचा विषय, बंद केलेला डबा. तेरा वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं.

"तेव्हाच सांगायचंस," ते म्हणाले. "मी आलो असतो."

"येऊन काय केलं असतं बाबा?"

"काय करणार? तुझ्याशेजारी उभा राहिलो असतो."

सिग्नल सुटला, पण मला समोरचं नीट दिसेना. मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

"वाजवू दे," बाबा म्हणाले.